धुपणी : एका शब्दाआड दडलेली दुखणी



स्त्रीच्या अंगावरून जाणारे पांढरे पाणी, योनीला वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग आणि शरीरसंबंधाच्या वेळी होणारी वेदना हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. हा विषय दवाखान्यात पडद्याआड बोलावा, सभागृहात त्याची चर्चा कशाला, असे ज्यांना वाटत असेल त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवावासा वाटतो : पडद्याआड तरी तो बोलला जातो का? यवतमाळ जिल्ह्यातल्या सोळाही तालुक्यांत, कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या बाईपासून शाळेत शिकवणाऱ्या बाईपर्यंत, हे दुखणे घेऊन दवाखान्याची पायरी चढणारी स्त्री बहुधा कमरेच्या दुखण्याचे किंवा अशक्तपणाचे नाव सांगते आणि डॉक्टरांनी आणखी काही विचारले तरच, तेही उठता उठता, दाराशी थांबून, खऱ्या तक्रारीकडे वळते. डॉक्टरांनी विचारले नाही, तर ती तक्रार आली तशी घरी परत जाते.

मराठीत या तक्रारीला शब्द मात्र भरपूर आहेत. पांढरे पाणी, अंगावरून जाणे, पांढरा पदर, श्वेतप्रदर आणि जुना, खेड्यापाड्यांत अजूनही टिकून असलेला शब्द धुपणी. शेतकऱ्याच्या कानाला हा शेवटचा शब्द ओळखीचा आहे, कारण पावसाने उताराची माती वाहून जाते तेव्हा जमीन धुपली असे म्हणतात. आणि अंगावरून पाणी गेले की शरीर आतून धुपते, हाडे झिजतात, धातू जातो, अशी समजूत या शब्दाच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या वावरत आली आहे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही समजूत खरी नाही. या स्रावातून हाडांचा अंशही जात नाही. तरीही या शब्दाला हसण्याचे कारण नाही, कारण वापरणारी स्त्री आपल्या परीने आपल्या झिजेचेच वर्णन करत असते. अडचण एवढीच आहे की धुपणी या एका शब्दाखाली किमान पाच-सहा निरनिराळी दुखणी दडलेली असतात, त्यांची कारणे निरनिराळी, औषधे निरनिराळी, आणि शब्द एकच असल्यामुळे उपचारही डोळे झाकून एकच होतो.

ही दुखणी किती आहेत, याचा पहिला मोठा हिशेब विदर्भातच झाला, ही गोष्ट या सभागृहाने अभिमानाने आणि थोड्या अस्वस्थतेनेही ऐकावी अशी आहे. चंद्रपूरच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी आपल्या सहकाऱ्यांसह वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा एक तरी प्रकार आढळला, सरासरीने प्रत्येक स्त्रीमागे ३.६ आजार निघाले आणि यांपैकी केवळ ८ टक्के स्त्रियांची अशी तपासणी पूर्वी कधी झाली होती. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, एवढाच अर्थ सरकारी कागदांत आणि जागतिक संस्थांच्या अहवालांत रूढ होता. त्या अर्थाला या दोन गावांनी छेद दिला. त्यातही एक आकडा विशेष विचार करण्यासारखा आहे : सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी आपल्याला काहीही त्रास नाही असे सांगितले होते. ज्यांनी त्रास नाही म्हटले, त्या सर्व निरोगी होत्या का? ९२ आणि ४५ हे दोन आकडे शेजारी ठेवले की उत्तर मिळते.

या दुखण्यांचे ज्ञान आपल्याकडे नव्हते असेही म्हणता येत नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात योनीच्या वीस विकारांची, म्हणजे योनिव्यापदांची, गणना आहे. त्यांत खाज आणि चिकट स्राव असलेला कफज प्रकार आहे आणि प्राक्चरणा नावाचा आणखी एक विकार आहे, जो अतिशय लहान वयाच्या मुलीशी संबंध आल्याने पाठ, कंबर आणि मांड्यांच्या वेदनेसह निर्माण होतो असे ग्रंथकार सांगतो. संबंधातली वेदना हा स्त्रीचा स्वभाव मानण्याऐवजी त्याने तिची गणना रोगात केली, एवढे येथे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता मूळ शास्त्राकडे वळावे लागेल. योनीतून थोडा स्राव होणे हे निरोगी शरीराचे लक्षण आहे; तोंडात लाळ असते, डोळ्यांत ओलावा असतो, तसाच हा ओलावा आहे. पाळीच्या चक्राच्या मध्यावर तो पातळ आणि तार धरणारा होतो, पाळीपूर्वी दाट होतो, गर्भारपणात वाढतो, आणि त्याला खाज, आग किंवा दुर्गंधी नसेल तर त्याला कोणत्याही औषधाची गरज नसते. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू वस्तीला असतात, दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंच्याच कुळातले. ते आम्ल तयार करतात आणि त्यामुळे योनीतील आम्लता मोजली असता तिचा अंक साधारण ३.८ ते ४.५ यांच्या दरम्यान राहतो. या आंबट वातावरणात बाहेरचे अनेक रोगजंतू तग धरत नाहीत.

याच ठिकाणी कॅन्डिडा नावाची बुरशीही अनेक निरोगी स्त्रियांच्या शरीरात, कोणताही त्रास न देता, अल्प प्रमाणात राहत असते. ती अंगावर येते केव्हा? शरीरातील तोल ढळला की ती वाढते, आतल्या त्वचेत धागे सोडते, दाह होतो, आणि मग दह्याच्या किंवा फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा पांढरा स्राव, जिवाला हैराण करणारी खाज, लघवीला गेल्यावर बाहेरच्या ओठांना झोंबणारी आग, सूज आणि संबंधाच्या वेळी चिरल्यासारखी वेदना ही लक्षणे दिसतात. जगभरातील सुमारे ७० ते ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. एकदा झाला, औषध घेतले, बरा झाला, तर त्यात चिंतेचे काही नाही. वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा तो उलटला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात, आणि जगात दरवर्षी सुमारे १३ कोटी ८० लाख स्त्रिया या अवस्थेतून जातात असा अंदाज २०१८ साली मांडला गेला आहे.

इतक्या स्त्रियांना हा त्रास पुन्हा पुन्हा का होतो, हा या व्याख्यानाचा गाभ्याचा प्रश्न आहे आणि त्याचे पहिले उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल : पुष्कळदा तो बुरशीचा संसर्ग नसतोच. पांढरे पाणी म्हटले की बुरशी, असे समीकरण औषधांच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत रुजलेले आहे. परंतु योनीतील उपयुक्त जिवाणू कमी होऊन दुसरे जिवाणू माजले तर पातळ, करडसर आणि मासळीसारख्या वासाचा स्राव होतो, ज्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे पिवळसर-हिरवट, फेसाळ स्राव होतो आणि तो संबंधातून पसरत असल्याने पतीलाही औषध द्यावे लागते. गर्भाशयाच्या मुखाच्या संसर्गात, त्वचेच्या इसबात, साबणाच्या दाहातही खाज किंवा ओलावा असू शकतो. बुरशीवरची गोळी यांपैकी एकाही विकारावर चालत नाही. स्त्री मात्र चौथ्यांदा, पाचव्यांदा तीच गोळी घेते आणि आपले दुखणे हटवादी आहे, कदाचित आपलेच नशीब असे आहे, अशा निष्कर्षाला येते.

हा गोंधळ सोडवण्यासाठी फार मोठी यंत्रणा लागते का? लागत नाही. आम्लता मोजण्याची कागदी पट्टी, काचपट्टीवर घेतलेला स्रावाचा थेंब, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा दुसरा थेंब आणि एक साधा सूक्ष्मदर्शक एवढ्या साधनांवर बरेचसे निदान होऊ शकते, कारण बुरशीच्या संसर्गात आम्लतेचा अंक बहुधा ४.५ च्या आतच राहतो, इतर दोन मुख्य विकारांत तो वर जातो, आणि त्या द्रावणात पेशी विरघळून बुरशीचे धागे व कळ्या स्पष्ट दिसतात. मलेरिया आणि क्षयरोगाच्या तपासणीमुळे सूक्ष्मदर्शक खेड्यापर्यंत पोहोचलेला आहे. त्याच्याखाली ही काचपट्टी ठेवण्याची सवय मात्र अजून पोहोचलेली नाही.

शासनाने या अडचणीवर लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत स्वीकारली आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या योजनेत जननमार्गाच्या संसर्गांसाठी रंगांनी ओळखल्या जाणाऱ्या औषधांच्या पाकिटांची व्यवस्था आहे आणि सरकारी रुग्णालयांत त्यासाठी सुरक्षा क्लिनिक आहेत. योनिदाहासाठी असलेल्या हिरव्या पाकिटात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल ही दोन औषधे असतात, म्हणजे जिवाणू, परजीवी आणि बुरशी या तिघांवर एकाच वेळी मारा होतो. जिथे तपासणीची सोय नाही तिथे पहिल्या खेपेला ही पद्धत योग्यच आहे आणि तिने असंख्य स्त्रियांना आराम दिला आहे. परंतु तेच हिरवे पाकीट एकाच स्त्रीला वर्षात चौथ्यांदा देणे याला उपचार म्हणता येणार नाही. चौथ्या खेपेला आलेली स्त्री पाकिटाकडून तपासणीच्या टेबलाकडे वळवली गेली पाहिजे.

तपासणीत बुरशीच निघाली, तर दुसरा प्रश्न असा की तिला खतपाणी कशाचे मिळते. यात मधुमेहाचा क्रम पहिला लावावा लागतो. रक्तातील साखर वाढलेली असली की ऊतींतही ती वाढते आणि बुरशी तिच्यावर पोसली जाते. पुष्कळ स्त्रियांचा मधुमेह प्रथम या खाजेतूनच उघडकीस येतो. म्हणून वारंवार खाज येणाऱ्या प्रत्येक स्त्रीची रक्तशर्करा तपासली पाहिजे, वय तिशीतले असले तरी. याच्या शेजारी अलीकडची एक गोष्ट नोंदवावी लागेल : मधुमेहावरील डॅपाग्लिफ्लोझिन आणि त्याच्या गटातील गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्या हृदय आणि मूत्रपिंड यांना उपकारक आहेत, २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनच्या भारतातील पेटंटची मुदत संपल्यावर ते स्वस्त होऊन सर्वत्र पोहोचले आहे, आणि लघवीतून जाणाऱ्या त्या साखरेमुळे जननेंद्रियांच्या बुरशीचा त्रास वाढू शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. परंतु ती सुरू झाल्यापासून खाज सुरू झाली असेल तर हे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, आणि गोळी लिहून देणाऱ्यानेही हे आधी सांगितले पाहिजे.

दुसरे कारण प्रतिजैविके. सर्दी-तापाला घेतलेली अनावश्यक प्रतिजैविके योनीतील उपयुक्त जिवाणूंनाही मारतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते. गर्भारपण, स्टेरॉइडच्या गोळ्या आणि प्रतिकारशक्ती घटवणारे आजार ही आणखी कारणे आहेत. एचआयव्हीची तपासणीही याच कारणाने सुचवली जाते आणि ती सुचवण्यात कोणाच्या चारित्र्यावर संशय नसतो. आणि मग ते मलम. गजकर्ण, खाज, डाग, सर्वांवर एकच म्हणून दुकानातून आणली जाणारी, बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड यांची भेसळ असलेली मलमे जांघेत आणि योनीच्या बाहेरच्या भागावर सर्रास लावली जातात. पहिल्या दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टेरॉइड दाह दाबतो. खाली बुरशी पसरत राहते, त्वचा कागदासारखी पातळ होते, आणि मलम थांबवले की आग दुप्पट होते. अशा मलमाची नळी घरात असेल तर ती या नाजूक जागेसाठी वापरू नये, ही विनंती या व्यासपीठावरून जितक्या वेळा करावी तितकी थोडी आहे.

औषधांविषयी थोडक्यात सांगता येईल. साध्या संसर्गाला क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी किंवा फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी बहुधा पुरते. गर्भवतीने मात्र तोंडाने घ्यायची फ्लुकोनाझोलची गोळी टाळावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीत ठेवायचे औषध सात दिवस वापरावे. योनीतील तेलकट औषधांमुळे निरोध फाटू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. वारंवार होणाऱ्या संसर्गात प्रथम तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन मात्रा आणि त्यानंतर सहा महिने आठवड्याला एक मात्रा, अशी दीर्घ योजना असते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत या योजनेने सहा महिन्यांअखेर ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया त्रासमुक्त राहिल्या, औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३६ टक्के होते. मात्र औषध थांबल्यानंतर आणखी सहा महिन्यांनी उपचार घेतलेल्यांपैकी ४३ टक्केच मुक्त उरल्या होत्या. याचा अर्थ प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे : हे औषध बुरशीला काबूत ठेवते, कायमचे उच्चाटन करील अशी खात्री देत नाही, आणि त्रास उलटला तर त्यात स्त्रीचा दोष नसतो. कॅन्डिडाच्या ग्लॅब्रॅटासारख्या काही जाती या गोळीला दाद देत नाहीत, म्हणून हट्टी दुखण्यात स्रावाचे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून तिची जात ओळखणे, आवश्यक ठरते. जाता जाता एक नोंद : माणसावर सुरक्षितपणे वापरता येईल असे पहिले उपयुक्त बुरशीविरोधी औषध, निस्टॅटिन, १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी शेतातल्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून मिळवले. काळ्या मातीत आयुष्य काढणाऱ्या स्त्रियांच्या जिल्ह्यात ही गोष्ट ठाऊक असावी.

आता दोन गैरसमजांकडे वळले पाहिजे, कारण बुरशीपेक्षा त्यांनी केलेले नुकसान मोठे आहे. पहिला गैरसमज अस्वच्छतेचा. बुरशीचा संसर्ग घाणीमुळे होतो असे मानून कित्येक स्त्रिया साबण, जंतुनाशक द्रावण, तुरटीचे किंवा कडुलिंबाचे पाणी यांनी योनी आतून धुतात, आणि जितका त्रास वाढतो तितके अधिक धुतात. योनी आतून धुण्याची कधीही गरज नसते. या धुण्यानेच संरक्षक जिवाणू नष्ट होतात आणि कोवळी त्वचा भाजते. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुऊन कोरडा ठेवणे आणि शक्यतो सुती, सैल अंतर्वस्त्र वापरणे एवढे पुरेसे आहे. अर्थात हा सल्ला देणाऱ्याने हेही पाहावे की एप्रिल-मेच्या उन्हात, पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या तापमानात, घामाने भिजलेल्या नायलॉनच्या कपड्यांत दिवसभर राबणाऱ्या, शेतात आडोसा नाही म्हणून लघवी दाबून धरणाऱ्या आणि पाणी भरण्यासाठी टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या स्त्रीला कोरडे राहा हे सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे.

दुसरा गैरसमज चारित्र्याचा. बुरशीचा संसर्ग हा सर्वसाधारणपणे संबंधातून होणारा आजार मानला जात नाही, तो अविवाहित मुलीला होतो, वृद्धेला होतो, कधीच संबंध न आलेल्या स्त्रीलाही होतो, आणि त्रास नसलेल्या पतीला त्यासाठी औषध देण्याची गरज नसते. हे या जिल्ह्यात मुद्दाम सांगावे लागते, कारण शेतकरी आत्महत्यांनी ज्या घरांतले कर्ते पुरुष गेले त्या घरांतल्या विधवांची संख्या येथे मोठी आहे. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन याच जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या विधवा पत्नी वैशाली येडे यांनी केले आणि त्या स्त्रियांच्या जगण्याला त्या दिवशी व्यासपीठ मिळाले. पण नवरा नसलेल्या बाईला पांढरे पाणी जाते, हे वाक्य उच्चारताच गावात ज्या नजरा वळतात, त्यांना उत्तर कोण देणार? उत्तर शास्त्राने दिलेले आहे. ते गावापर्यंत नेण्याचे काम बाकी आहे.

यानंतर येतो तो प्रश्न, जो दवाखान्यात सर्वांत कमी विचारला जातो : संबंधाच्या वेळी दुखते का? बुरशीच्या दाहाने सुजलेल्या, चिरा पडलेल्या जागी संबंध आला तर वेदना होणारच, आणि संसर्ग गेला की ती जावी अशी अपेक्षा असते. पण ती नेहमी जात नाही. पुन्हा पुन्हा दुखलेले शरीर पुढच्या वेळेआधीच सावध होते, योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात, आवळलेल्या स्नायूंमुळे वेदना वाढते, वाढलेल्या वेदनेने भीती वाढते. स्त्रीने मनात कितीही ठरवले तरी ही आवळण तिच्या ताब्यात राहत नाही. व्हजायनिस्मस या नावाने ओळखला जाणारा हा विकार नखरा नव्हे, प्रेमाचा अभावही नव्हे; पापणीजवळ बोट नेले की डोळा मिटतो, तशी ती शरीराची प्रतिक्रिया आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम, सावकाश आणि स्वतःच्या नियंत्रणात होणारा सराव आणि समुपदेशन यांनी तो पुष्कळ स्त्रियांत बरा होतो.

वेदनेची इतर कारणेही आहेत आणि ती शोधावी लागतात. बाळंतपणातील टाक्यांचा व्रण, अंगावर पाजण्याच्या काळात आणि पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने येणारा कोरडेपणा, गर्भाशयाच्या व नलिकांच्या संसर्गाची सूज, गर्भाशयाचे अस्तर बाहेर वाढण्याचा एन्डोमेट्रिओसिस हा आजार, बाहेरची त्वचा पांढुरकी आणि पातळ करणारा लायकेन स्क्लेरोसस, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ, कोणताही संसर्ग न सापडता राहणारी योनिमुखाची जळजळ, जिला व्हल्व्होडायनिया म्हणतात. यांतील शेवटच्या दोन विकारांना खाज किंवा आग असल्यामुळे वर्षानुवर्षे बुरशी समजून औषध दिले जाते. डोळ्यांनी नीट पाहिले असते तर लायकेन स्क्लेरोसस एका भेटीत ओळखता आला असता. पण न पाहताच चिठ्ठी लिहिली जाते. कोरडेपणाला पाण्याधारित वंगण किंवा, डॉक्टरांनी सांगितल्यास, इस्ट्रोजेनचे मलम उपयोगी पडते, आणि पन्नाशीतल्या स्त्रीला आता या वयात काय करायचे आहे असे सांगून परत पाठवणे हा वैद्यकाचा भाग नाही.

परंतु औषध चालू असताना स्त्रीला विसावा मिळतो का? आठ-दहा दिवस संबंध नको, हा सल्ला चिठ्ठीवर लिहिणे डॉक्टरांना जमते. तो घरात पाळला जाणे तिच्या एकटीच्या हाती नसते. नको म्हटले तर संशय येतो, रुसवा येतो, कधी मारही बसतो, म्हणून ती दात आवळून सहन करते आणि सहन करणे हाच बायकोचा धर्म असे तिला तिच्याच आईने, मावशीने सांगितलेले असते. येथे उपस्थित बंधूंना उद्देशून एवढेच सांगणे आहे की सुजलेल्या, सोललेल्या जागेवर होणारा स्पर्श कसा असतो याची कल्पना करणे कठीण नाही, आणि दुखते का, हा प्रश्न पतीने विचारला तर अर्धे उपचार घरातच सुरू होतात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा लैंगिक स्वरूपाच्या छळालाही हिंसाच मानतो, हेही सर्वांना ठाऊक असावे.

घरातल्या अशा ताणाचा पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीशी काही संबंध असतो का? गोव्यात, हळदोणे परिसरात, या शतकाच्या सुरुवातीला सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास झाला, ज्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी होते. त्या अभ्यासात असे दिसले की पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताण, उदासी आणि थकवा यांच्याशी अधिक घट्ट होता. याचा चुकीचा अर्थ लावून स्त्रीला हे सारे तुझ्या मनाचे खेळ आहेत असे सांगितले जाण्याचा धोका आहे, म्हणून स्पष्ट केले पाहिजे : ज्या समाजात स्त्रीला मी थकले आहे, मी खचले आहे असे म्हणण्याची मुभा नाही, तिथे ती अंगावरून जाते असे म्हणते, आणि तेही खरेच दुखणे असते. गडचिरोलीचा अभ्यास सांगतो की तक्रार नसतानाही आजार असतो; गोव्याचा सांगतो की संसर्ग नसतानाही त्रास असतो. दोन्ही एकाच दिशेने नेतात. न तपासता दिलेली गोळी या दोन्ही प्रकारच्या स्त्रियांच्या बाबतीत चुकते.

न तपासण्याची सर्वांत जबर किंमत महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिली आहे. तीन वर्षांत बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे २०१९ च्या जूनमध्ये विधिमंडळात सांगितले गेले आणि चौकशीसाठी समिती नेमली गेली. त्यांत ऊसतोड कामगार स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. पांढरे पाणी, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास अशा तक्रारी घेऊन आलेल्या तरुण स्त्रियांना कर्करोगाची भीती घालून पिशवी काढायला लावल्याच्या कहाण्या तेव्हा पुढे आल्या. योनीतील बुरशी गर्भाशय काढल्याने जाते का? जात नाही, कारण ती गर्भाशयात नसतेच. आणि सोबत अंडाशयही काढले गेले तर इस्ट्रोजेन एकाएकी संपते, योनी कोरडी पडते, संबंधातली वेदना वाढते. म्हणजे ज्या दुखण्यासाठी शस्त्रक्रिया झाली, तेच दुखणे पदरात परत पडते. केवळ पांढऱ्या पाण्यासाठी गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेतल्यावाचून कोणीही सही करू नये.

हे सारे मराठीत, मोठ्याने, सभ्यपणे बोलण्याची वाट नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर १९३४ मध्ये खटला भरला गेला तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. प्रश्न विचारणारे वाचक मात्र अश्लील नव्हते, ते अडलेले होते. नव्वद वर्षांनंतरही अडलेली माणसे तीच आहेत आणि त्यांत स्त्रियांची संख्या अधिक आहे.

गडचिरोलीचा अभ्यास जगापुढे आला त्याच १९८९ साली यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, जे आज श्री वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. वणी असो, पुसद असो, उमरखेड असो की झरी-जामणीतला कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती, असो, तेथून निघालेल्या स्त्रीला तपासणीचे टेबल, सूक्ष्मदर्शक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ जिल्ह्याच्या हद्दीतच मिळू शकतात. या सभागृहात जे डॉक्टर असतील त्यांना विनंती आहे की पांढऱ्या पाण्याची तक्रार घेऊन दुसऱ्यांदा आलेल्या स्त्रीला पडद्याआड, एकटीला, किती दिवसांपासून, कोणते मलम लावले आणि संबंधाच्या वेळी दुखते का, हे विचारावे, पाहावे, साखर तपासावी आणि मगच लेखणी उचलावी. ज्या आशाताई असतील त्यांना विनंती आहे की गर्भवतींची नोंद करताना हाही प्रश्न आपल्या वहीत घ्यावा. आणि ज्या भगिनी हे ऐकून मनातल्या मनात स्वतःच्या खाजेचे, आगेचे, दुखण्याचे महिने मोजत असतील, त्यांच्यासाठी एक साधी गोष्ट : अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला स्वतःची तपासणी करून घेण्यासाठी पतीची, सासूची किंवा आणखी कोणाचीही परवानगी लागत नाही, तिची स्वतःची संमती पुरते.